विश्लेषण : बाबा आमटे यांनी कुष्ठरोगाचे जंतू स्वतःला का टोचून घेतले होते? लस, प्रयोग आणि संमतीचा कायदा काय सांगतो?

शरीरात सुई जाऊ द्यायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? करोनाकाळात हा प्रश्न गडचिरोलीच्या जंगलातील गावांपासून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याच्या सुमारे ७० वर्षे आधी चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याच्या एका वकिलाने या प्रश्नाचे स्वतःपुरते उत्तर देऊन टाकले होते. कुष्ठरोगावर लस शोधता यावी म्हणून त्याने स्वतःच्या शरीरात कुष्ठरोगाचे जिवंत जंतू टोचून घेतले. त्या वकिलाचे नाव मुरलीधर देविदास आमटे, अर्थात बाबा आमटे. त्या प्रयोगाची, त्यामागच्या आयुष्याची आणि आजच्या कायद्याशी असलेल्या त्याच्या नात्याची ही उजळणी.

बाबा आमटे कोण होते?

बाबांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटचा. घर जमीनदाराचे, वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत. ‘बाबा’ हे नाव वयामुळे किंवा कामामुळे मिळालेले नाही, ते घरातले लाडाचे नाव. तरुणपणी हातात बंदूक होती, शिकारीचा नाद होता आणि दाराशी स्पोर्ट्स कार होती. हॉलिवूडच्या चित्रपटांवर ते इंग्रजी नियतकालिकासाठी परीक्षणे लिहीत. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वरोऱ्यात वकिली सुरू केली आणि ती चांगली चाललीही.

पुढे गांधीजींच्या विचारांशी ओळख झाली. १९४२ च्या आंदोलनात पकडल्या गेलेल्यांच्या बचावासाठी बाबांनी वकिलांची जमवाजमव केली आणि स्वतः तुरुंगवासही भोगला. रेल्वेच्या डब्यात गोऱ्या सैनिकांच्या तावडीत सापडलेल्या एका तरुणीसाठी ते एकटे उभे राहिले. हे कळल्यावर गांधीजींनी त्यांना ‘अभयसाधक’ असे नाव दिले. डिसेंबर १९४६ मध्ये इंदू घुले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या पुढे साधनाताई म्हणून ओळखल्या गेल्या.

तुळशीराम प्रसंग काय आहे?

बाबा वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांनी त्यांच्यापुढे आव्हान ठेवले, की आमचे काम करून दाखवा. बाबांनी ते स्वीकारले आणि काही महिने मैल्याच्या टोपल्या डोक्यावर वाहिल्या. याच काळात एका पावसाळी संध्याकाळी गटाराच्या कडेला पडलेला एक माणूस त्यांना दिसला. हातापायाची बोटे झडलेली, जखमांत किडे पडलेले, अखेरचे श्वास चाललेले. त्याचे नाव तुळशीराम.

‘अभयसाधक’ तिथून पळून गेला. नंतर मन खाऊ लागल्यावर बाबा परत आले, त्याच्यावर आडोसा उभारला, त्याला खाऊ घातले. तुळशीराम वाचला नाही. मात्र आपण घाबरलो, ही गोष्ट बाबांना सोडेना. पुढच्या सगळ्या कामाचे मूळ या भीतीत आहे. वरोऱ्याच्या परिसरात त्यांनी कुष्ठरुग्णांसाठी दवाखाने सुरू केले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना झाली. डॉक्टर नसूनही कुष्ठरोगाचे शास्त्रीय शिक्षण घेण्यासाठी ते कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये दाखल झाले.

कोलकात्यात नेमके काय घडले?

त्या काळी संशोधकांपुढे एक मोठी अडचण होती. लस किंवा औषध शोधायचे तर आधी जंतू प्रयोगशाळेत वाढवता आला पाहिजे. कुष्ठरोगाचा जंतू मात्र काचेच्या बशीत वाढत नव्हता. तो आजही कृत्रिम माध्यमात वाढवता येत नाही. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांमध्येही तो तेव्हा रुजत नव्हता. उंदराच्या तळपायात त्याची मर्यादित वाढ करण्याची पद्धत १९६० मध्ये सापडली, तर आर्माडिलो या खवलेधारी प्राण्याचा उपयोग १९७० च्या दशकात सुरू झाला. १९४९-५० मध्ये यातले काहीच नव्हते. उरत होता तो माणूस.

बाबांनी स्वतःचे शरीर देऊ केले. कुष्ठरुग्णाकडून घेतलेले जंतू त्यांना टोचण्यात आले. तेव्हा त्यांची पस्तिशी आली होती आणि विकास व प्रकाश ही दोन मुले तान्ही होती. रोग झाला असता तर प्रयोग पुढे गेला असता. तो झाला नाही. जंतू बाबांच्या शरीरात रुजलेच नाहीत आणि प्रयोग तिथेच संपला.

आज यामागचे कारण माहीत आहे. सुमारे ९५ टक्के लोकांमध्ये या जंतूला रोखणारी प्रतिकारशक्ती मुळातच असते. मात्र बाबांना हे निकालाआधी कळण्याची सोय नव्हती. कुष्ठरोगाची लक्षणे दिसायला सरासरी पाच वर्षे आणि कधी कधी वीस वर्षेही लागतात. म्हणजे सुई टोचून झाल्यावर वर्षानुवर्षे वाट पाहणे आले.

कुष्ठरोग आणि संमती यांचा जुना संबंध कोणता?

वैद्यकीय प्रयोगांतील संमतीचा इतिहास बहुतेकदा दुसऱ्या महायुद्धापासून सांगितला जातो. प्रत्यक्षात जगातील सुरुवातीच्या खटल्यांपैकी एक कुष्ठरोगाशीच निगडित आहे. त्यात आरोपीच्या जागी होता तो या जंतूचा शोध लावणारा डॉक्टर.

नॉर्वेच्या बर्गन शहरातील गेरहार्ड आर्मर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू शोधला. हा रोग आनुवंशिक नाही, जंतूमुळे होतो, हे त्यांना सिद्ध करायचे होते. त्यासाठी १८७९ मध्ये त्यांनी रुग्णालयातील एका महिलेच्या डोळ्याच्या आवरणात दुसऱ्या रुग्णाकडून घेतलेला अंश टोचला. ती स्वतः कुष्ठरोगाच्या वेगळ्या प्रकाराची रुग्ण होती. तिची परवानगी घेतली नव्हती आणि हेतूही सांगितला नव्हता. प्रकरण न्यायालयात गेले. १८८० मध्ये हॅन्सन यांच्या विरोधात निकाल लागला आणि रुग्णालयातील डॉक्टरपद त्यांना गमवावे लागले. त्या महिलेला नवा रोग झाला नव्हता. तरीही न्यायालयाने हानी झाली का एवढेच पाहिले नाही. तिला विचारले होते का, हे पाहिले.

दुसरे उदाहरण हवाई बेटांचे. १८८४ मध्ये तिथे केआनू नावाच्या फाशीच्या कैद्यापुढे पर्याय ठेवण्यात आला. कुष्ठरोगाचे जंतू टोचून घेतल्यास फाशीऐवजी जन्मठेप. त्याने होकार दिला. पुढे त्याला कुष्ठरोग झाला आणि १८९२ मध्ये तो मरण पावला. त्याच्या नातेवाइकांतही रोग असल्याने प्रयोगातून काही सिद्धही झाले नाही. कागदावर त्याची संमती होती. पण नकाराचा अर्थ फाशी असेल, तर त्या होकाराला संमती म्हणायचे का?

बर्गनची महिला, हवाईचा कैदी आणि कोलकात्यातील बाबा. तिघांनाही एकाच रोगाचे जंतू टोचले गेले. पहिलीला विचारले नाही. दुसऱ्याला विचारले, पण मोकळीक दिली नाही. तिसऱ्याने रोगाचा अभ्यास केला होता, रुग्णांच्या जखमा स्वतः धुतल्या होत्या, धोका त्याला ठाऊक होता आणि त्याच्यावर कोणाची सक्ती नव्हती. कायद्याच्या भाषेत ज्याला माहितीपूर्ण व स्वेच्छेची संमती म्हणतात, तिचे सर्व भाग या तीन प्रसंगांत दिसतात.

आंतरराष्ट्रीय कायदा काय सांगतो?

नाझी डॉक्टरांवरील खटल्याच्या निकालात १९४७ मध्ये न्युरेम्बर्ग संहिता आली. प्रयोगात सहभागी होणाऱ्या व्यक्तीची स्वेच्छेची संमती अत्यावश्यक आहे, हे तिचे पहिले कलम. मध्येच प्रयोगातून बाहेर पडण्याचा हक्कही तीत आहे. १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात हे तत्त्व कायदेशीर बंधन म्हणून आले. त्याच्या सातव्या कलमात छळाला मनाई आहे आणि त्याच कलमात मुक्त संमतीशिवाय वैद्यकीय प्रयोग करण्यालाही मनाई आहे. भारत १९७९ मध्ये या करारात सामील झाला.

मग बाबांचा प्रयोग आजच्या नियमांत बसला असता का? बसणे कठीण. न्युरेम्बर्ग संहितेच्या पाचव्या कलमानुसार मृत्यू किंवा अपंगत्व येण्याची शक्यता आधीच दिसत असेल, तर प्रयोग करू नये. प्रयोग करणारे डॉक्टरच स्वतः त्यात उतरणार असतील, तर कदाचित अपवाद, एवढीच फट तिथे ठेवली आहे. भारतात २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांनुसार नैतिकता समितीची मंजुरी, विमा, नुकसानभरपाई आणि लेखी संमती लागते. जंतू एकदा टोचल्यावर प्रयोगातून बाहेर पडणार कसे, हा प्रश्न समितीने पहिला विचारला असता. म्हणजे संमती आवश्यक आहे, पण ती पुरेशी नाही. एखादा माणूस स्वतःहून तयार झाला म्हणून त्याच्यावर काहीही करायला संशोधक मोकळे होत नाहीत.

आनंदवन आणि सक्तीचा कायदा

बाबांनी कोलकात्याहून परतल्यावर जे उभारले, त्याचाही संबंध हक्कांशी आहे. देशात तेव्हा १८९८ चा कुष्ठरोगी कायदा अस्तित्वात होता. उघड्यावर भीक मागणाऱ्या निर्धन कुष्ठरुग्णाला पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकत होते आणि त्याला आश्रमात डांबून ठेवता येत होते. उपचाराच्या नावाखाली रुग्णाला गुन्हेगाराप्रमाणे वागवण्याची ती तरतूद होती. अनेक राज्यांनी हा कायदा आपल्यापुरता आधीच मोडीत काढला, पण संसदेने तो रद्द केला २०१६ मध्ये.

१९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या ५० एकर खडकाळ जमिनीवर आनंदवन सुरू झाले. सोबत साधनाताई, दोन लहान मुले, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये. साप-विंचवांच्या त्या रानात रुग्णांनी स्वतः विहीर खणली, शेत काढले, घरे बांधली. सुरुवातीला आनंदवनचा भाजीपाला विकत घ्यायला गावातले लोक तयार नव्हते. पुढे तोच भाजीपाला वरोऱ्याच्या बाजारात विकला गेला आणि गावातली मुले आनंदवनच्या महाविद्यालयात शिकायला आली. इथे रुग्ण डांबलेले नव्हते. बरे होऊन जाण्याची मोकळीक होती, पण घरचे परत घेत नसल्याने अनेक जण राहिले. त्यांना पगाराचे काम आणि संसार करण्याची संधी मिळाली. १९६७ मध्ये मूल तालुक्यात सोमनाथ प्रकल्प सुरू झाला.

१९८८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी बाबांना मानवाधिकार क्षेत्रातील पुरस्कार दिला. त्या वर्षीच्या मानकऱ्यांत नेल्सन मंडेलाही होते. आरोग्यसेवेसाठीचा पुरस्कार नव्हे, मानवाधिकारांसाठीचा, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने कुष्ठरुग्ण व त्यांच्या कुटुंबीयांविरुद्धचा भेदभाव संपवण्यासाठी तत्त्वे मंजूर केली. तोवर आनंदवनला जवळपास ६० वर्षे झाली होती.

हेमलकसाचा धडा कोणता?

२३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकसा येथे बाबांनी लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. हा भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. रस्ता नाही, वीज नाही, पावसाळ्यात नद्या-नाल्यांमुळे संपर्क तुटलेला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे दवाखाना थाटला, पण माडिया गोंड लोक जवळ येईनात. बाहेरचा माणूस आला म्हणजे काहीतरी लुबाडणार, हा त्यांचा अनुभव होता. आजारी पडल्यावर विश्वास होता तो गावच्या पुजाऱ्यावर.

यावर दोन गोष्टी करण्यात आल्या. डॉक्टर माडिया भाषा शिकले आणि थांबले. पहिले काही रुग्ण बरे झाल्यावर त्यांनीच इतरांना सांगितले. मग लोक दोन-दोन दिवस चालत येऊ लागले. कायद्याच्या पुस्तकात संमती म्हणजे फॉर्मवरची सही असते. हेमलकशात ती समजेल अशा भाषेत सांगण्यातून आणि नकार पचवण्याच्या तयारीतून आली.

करोना लसीकरणाच्या वेळी, २०२१ मध्ये, याच भागात लशीबद्दल भीती आणि अफवा पसरल्या, तेव्हा प्रशासनाला गोंडी, माडिया भाषांतून समजावण्याची वाट धरावी लागली. जिथे ओळखीचा माणूस आणि ओळखीची भाषा होती, तिथे दंडुक्याची गरज पडत नाही, हे हेमलकशाने आधीच दाखवले होते.

सही दुसऱ्याने केली तर?

उलट उदाहरणही फार दूरचे नाही. गडचिरोलीच्या दक्षिणेला, गोदावरीच्या खालच्या अंगाला तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्हा. तिथे आणि गुजरातच्या वडोदऱ्यात २००९ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एचपीव्ही लशीचा प्रात्यक्षिक प्रकल्प राबवण्यात आला. १० ते १४ वर्षांच्या हजारो मुलींना लस देण्यात आली आणि त्यांत आदिवासी वसतिगृहांतल्या मुली मोठ्या संख्येने होत्या. अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. सात मुलींच्या मृत्यूनंतर गदारोळ झाला आणि २०१० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही, असे चौकशीत सांगण्यात आले. मात्र संमती घेण्याच्या पद्धतीवर चौकशी समितीने आणि २०१३ मध्ये संसदीय स्थायी समितीनेही कडक ताशेरे ओढले.

लस उपयोगी होती. एचपीव्ही लस जगभर वापरात आहे. पण आई-वडिलांना विचारलेच नाही, यामुळे चांगल्या लशीवरचाही विश्वास उडाला. गडचिरोलीत शेकडो आदिवासी मुली आश्रमशाळांत राहतात. म्हणून खम्ममचा धडा इथे जवळचा आहे.

मग लस सक्तीची करता येते का?

प्रयोग आणि लसीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रयोगात संमतीशिवाय पाऊलच टाकता येत नाही. सिद्ध झालेल्या लशीबाबत प्रश्न थोडा गुंतागुंतीचा होतो, कारण संसर्गजन्य रोगात एकाच्या नकाराची किंमत दुसऱ्याला मोजावी लागू शकते. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये चेक प्रजासत्ताकातील बालकांच्या सक्तीच्या लसीकरणाला मान्यता दिली. तिथेही मुलाला धरून लस टोचण्याची सक्ती नव्हती. दंड आणि बालवाडीत प्रवेश नाकारणे, एवढीच कारवाई होती.

भारतात डॉ. जेकब पुलियल यांच्या याचिकेवर २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्या. एल. नागेश्वर राव आणि विदर्भातील न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठासमोर हे प्रकरण होते. त्यातील मुख्य मुद्दे असे :

• स्वतःच्या शरीरावरील अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये येतो. कोणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही.

• सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार निर्बंध घालू शकते, पण ते धोक्याच्या प्रमाणात असले पाहिजेत.

• त्या वेळची रुग्णसंख्या कमी असल्याने लस न घेतलेल्यांवरील बंधने प्रमाणाबाहेर ठरतात, ती मागे घ्यावीत. मुंबईत दोन मात्रा न घेतलेल्यांना लोकल प्रवास बंद होता, हे अनेकांना आठवत असेल.

• लशीच्या दुष्परिणामांची माहिती व्यक्तीची ओळख उघड न करता लोकांसाठी खुली असावी.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा ठरतो. माहिती दडवून घेतलेली संमती ही संमती राहत नाही. लस कोणत्या रोगावर आहे, फायदा किती, ताप येईल का, त्रास झाला तर कुठे जायचे, हे केंद्रावर विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

कुष्ठरोगाच्या लशीचे पुढे काय झाले?

बाबांनी ज्यासाठी शरीर देऊ केले, ती शंभर टक्के खात्रीची लस अजून आलेली नाही. बाळाला जन्मतः दिली जाणारी बीसीजी लस कुष्ठरोगापासूनही काही प्रमाणात संरक्षण देते. डॉ. जी. पी. तलवार यांच्या चमूने भारतात वेगळ्या जंतूपासून एक लस विकसित केली. खरा बदल घडवला तो १९८० च्या दशकात आलेल्या बहुविध औषधोपचाराने. त्याने रोग पूर्ण बरा होतो आणि सरकारी रुग्णालयात तो मोफत मिळतो. देशाने २००५ अखेर दर दहा हजारी एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले. चंद्रपूर आणि गडचिरोली मात्र अजूनही राज्यातील जास्त रुग्ण असलेल्या जिल्ह्यांत मोडतात. घरोघरी तपासणीला येणाऱ्या आशा कार्यकर्तीला चट्टा दाखवायचा की लपवायचा, हा निर्णय आजही तिथल्या घरात भीतीपोटीच होतो.

बाबांच्या मणक्याच्या आजाराने त्यांना पुढे बसणे अशक्य झाले. उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे, एवढेच हाती उरले. तशा अवस्थेत त्यांनी १९८५ मध्ये कन्याकुमारी ते काश्मीर भारत जोडो यात्रा काढली आणि नर्मदेकाठी कसरावदला अनेक वर्षे मुक्काम केला. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचे निधन झाले. त्याआधी जेमतेम महिनाभर, १६ जानेवारीला, सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात रुग्णाची खरी व माहितीवर आधारित संमती नसेल तर डॉक्टरला शस्त्रक्रिया करता येणार नाही, असा निकाल दिला होता.

बाबांच्या इच्छेनुसार त्यांचे दहन न करता आनंदवनच्याच मातीत दफन करण्यात आले. ज्या शरीराला पस्तिशीत जंतू टोचून घेतले होते, त्याचे पुढे काय करायचे, हा शेवटचा निर्णयही त्यांचाच होता.